कोपऱ्यातलं अक्षर

भानुमतीताई मोरिता यांच्याबद्दल लिहायला मी लायक माणूस नाही. हे विनयाने म्हणत नाही, कारण पुढे येईलच. पण क्योतोत त्यांना ओळखणारी मराठी माणसं तेव्हा आठ-दहाच होती आणि त्यातली निम्मी तीन वर्षांच्या बदलीवर आलेली, सामान बांधून निघून गेलेली. त्यांच्या शेजारच्या टेबलावर रोज बसणारा मी एकटाच होतो. तेव्हा लिहायचं तर मीच.

१९९४ साली मी तिथे पीएच.डी. करत होतो. विषय होता मंदीच्या काळातली अमेरिकन शेती. ‘अमेरिकेची शेती शिकायला जपानला कशाला?’ असं पुण्यातला प्रत्येक नातेवाईक विचारायचा आणि प्रत्येकाला आपणच हे पहिल्यांदा विचारतोय असं वाटायचं. त्याचं उत्तर आमच्या विभागाच्या लोखंडी कपाटात होतं. कॅलिफोर्नियातल्या एका फळबागांच्या खोऱ्यातून निवडून येणाऱ्या काँग्रेसमनचे कागद, एकशे बारा मायक्रोफिल्म रिळं. काँग्रेसमन म्हणजे आपल्याकडचा काँग्रेसवाला नव्हे, तिथला खासदार. १९३१ ते १९४६ या काळात मतदारसंघातल्या लोकांनी त्याला लिहिलेली पत्रं आणि त्याच्या कचेरीने धाडलेली उत्तरं तिकडच्या एका ग्रंथालयाने जपली होती. आमच्या विभागाने त्यांच्या फिल्म मागवल्या आणि ओकुदा सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या प्राध्यापकांनी, त्यांची सूची करायचं काम काढलं. देखरेखीला मला नेमलं.

देखरेख हा शब्द माझ्या डोक्यात गेला. मी स्वतःच्या नावाचा शिक्का कोरून घेतला. जपानमध्ये सहीऐवजी छोटा लाल शिक्का मारतात, त्याला हान्को म्हणतात. माझ्या हान्कोवर जपानी अक्षरांत ‘अंबरीष’ बसवताना कोरणाऱ्या म्हाताऱ्याच्या नाकी नऊ आले होते. तो मी ज्यावर त्यावर उठवायचो. पेन्सिली आल्याच्या पावतीवरसुद्धा.

पत्रं वाचून कार्डं भरायला पाच अरुबाइतो, म्हणजे तासांवर काम करणारी माणसं, घेतली. त्यातल्या चार विद्यार्थिनी होत्या आणि पाचव्या भानुमतीताई. वय एक्कावन्न. काळी पॅन्ट, राखाडी स्वेटर, आखूड केस आणि तोंडी अस्सल क्योतोची जपानी. मूळच्या साताऱ्याच्या. पुण्यात जपानी शिकल्या, पंपांच्या कारखान्यात आलेल्या जपानी इंजिनिअरची दुभाषी म्हणून काम केलं आणि १९७० मध्ये त्या इंजिनिअरशीच लग्न करून इकडे आल्या. नवरा आता नागोयात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. मुलगी सारा तोक्योत. आईने मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची, आणि ताई म्हणायच्या, ‘‘समजतं ना तिला, मग झालं तर.’’ घरात रोजचं माणूस एकच, सासरे. त्यांना त्या ओतोसान म्हणत, म्हणजे बाबा.

पहिल्या दिवशी मी पाचही जणींना करारपत्र वाचून दाखवलं. सूची छापून होईपर्यंत पत्रांतली नावं आणि खाजगी मजकूर बाहेर जाऊ द्यायचा नाही, अशी तिकडच्या ग्रंथालयाची अट होती. विद्यार्थिनींनी माना डोलावल्या आणि शिक्के मारले. ताईंनी तो कागद दोनदा वाचला.

‘‘माझे वडील कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होते,’’ त्या मला मराठीत म्हणाल्या. ‘‘कचेरीतलं कचेरीत, असं होतं आमच्याकडे. आई विचारून विचारून थकली, पण कुणाची जमीन कुणाला गेली ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही.’’

‘‘मग तुम्हाला अवघड जाणार नाही,’’ मी म्हणालो.

‘‘अवघड जातं रे. सवय होते इतकंच.’’

काम कसं करायचं ते त्यांच्याकडून शिकावं. फिल्मचं यंत्र हाताने फिरवायचं, पांढऱ्या पडद्यावर पत्र येई. त्या आधी कोपरे बघत, मजकूर मागाहून. वरच्या उजव्या कोपऱ्यात काँग्रेसमनच्या चिटणिसाने पेन्सिलीने एक-दोन अक्षरं लिहिलेली असत. आम्ही सगळे, सेन्सेईंसकट, ती चिटणिसाची आद्याक्षरं समजत होतो. तीन आठवड्यांनी ताईंनी कार्डांचे दोन गठ्ठे माझ्यापुढे ठेवले.

‘‘हे बघ. एका गठ्ठ्यावर एकच अक्षर, व्ही. त्यांना सविस्तर उत्तर, खाली खासदाराची सही. दुसऱ्यावर एन व्ही. त्यांना सगळ्यांना त्याच त्या तीन ओळी, ‘आपले पत्र संबंधित खात्याकडे पाठवले आहे.’ व्ही म्हणजे व्होटर. एन व्ही म्हणजे नॉन-व्होटर, मत नसलेला. ही निळी पेन्सिल आहे, तुला सांगते. आमच्या बाबांच्या कचेरीतही निळीच असायची.’’

फिल्म काळी-पांढरी. पेन्सिल निळी की लाल, ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण बाकीचं शंभर टक्के खरं निघालं. सेन्सेई खुर्चीतून उठून उभे राहिले आणि ताईंना वाकून म्हणाले, ‘‘मोरिता-सान, मी तीस वर्षं कागद वाचतोय.’’ पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माझा मात्र जळफळाट झाला. देखरेख माझी आणि शोध यांचा!

त्यानंतर दुपारी डबा खाताना ताईंचं आणि काँग्रेसमनचं भांडण चाले. बत्तीस सालचे पीच झाडाखाली सडत पडलेत, तोडायची मजुरी भावापेक्षा जास्त, आणि एक बाई लिहितेय की पोराला बूट नाहीत म्हणून शाळेत घेत नाहीत. तिच्या नवऱ्याला मत नाही, कारण तो मोसमामागे फिरणारा मजूर. उत्तर, संबंधित खातं. ‘‘मेल्या, दोन ओळी जास्त लिहायला हात झडले असते का तुझे?’’ असं त्या मराठीत पडद्याला विचारत. विद्यार्थिनींना काही कळत नसे, पण त्या हसत.

त्यांच्या ओतोसानना मी दोनदा भेटलो. शिगेओ मोरिता, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त पोस्टमन, अंगणातल्या झाडाची काकी नावाची केशरी फळं साल न तुटू देता सोलणारा ताठ म्हातारा. मी अमेरिकेवर अभ्यास करतो हे कळल्यावर त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांचा थोरला भाऊ केन्जी १९२३ मध्ये सोळाव्या वर्षी काकाबरोबर कॅलिफोर्नियाला गेला होता. कोबेच्या बंदरावर सहा वर्षांचा शिगेओ त्याच्या खांद्यावर बसला होता आणि त्याच्या पायातली एक लाकडी चप्पल, गेता, पाण्यात पडली. भाऊ म्हणाला, रडू नको, अमेरिकेहून बूट पाठवीन.

‘‘बूट आले नाहीत,’’ ओतोसान म्हणाले. ‘‘बत्तीस सालापर्यंत पत्रं आली, मग तीही नाहीत. आई मरताना दाराकडे बघत होती. तो तिकडे पीच खात बसला आणि आईला विसरला.’’

घरातल्या बुत्सुदानमध्ये, म्हणजे पूर्वजांच्या देव्हाऱ्यात, आईवडिलांचे फोटो होते. केन्जीचा फोटो खालच्या खणात पालथा. ताई रोज तिथे भाताची वाटी ठेवत आणि खण कधी उघडत नसत. उघडायची परवानगी नव्हती.

१९९५ च्या ऑक्टोबरात एका मंगळवारी ताई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, ‘‘अंबरीष, जरा येऊन बघ. माझे डोळे खोटं बोलत असतील तर सांग.’’

पडद्यावर मार्च १९४३ चं पत्र होतं. युद्धात अमेरिकेने तिथल्या जपान्यांना काटेरी तारांमागच्या छावण्यांत डांबलं होतं, तिथून लिहिलेलं. इंग्रजी तोडकं, अक्षर सुबक. मी वाचलं, ताईंनी मान हलवली. पाठवणाऱ्याचं नाव केन्जी मोरिता. आईचा पत्ता ओसाकाचा, पंचेचाळीसच्या बाँबहल्ल्यात जळालेल्या त्यांच्या घराचाच. धाकट्या भावाचं नाव शिगेओ. त्याच्या पायातली गेता पाण्यात पडली होती, हेही त्यात होतं. कोपऱ्यात दोन अक्षरं, एन व्ही. शेजारी चिटणिसाचा शेरा, ‘संबंधित खात्याकडे.’

‘‘आज घरी जाऊन त्यांना सांगू?’’ ताईंनी विचारलं. ‘‘पत्र नेत नाही, कॉपी नेत नाही. एकच वाक्य. तुमचा भाऊ आईला विसरला नव्हता, एवढंच.’’

आता माझी अक्कल बघा. समोर एक बाई बावन्न वर्षं अडकलेला निरोप हातात धरून उभी आहे, आणि मला आठवलं काय, तर करारपत्राचं कलम चार. त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या विभागातल्या एका परदेशी संशोधकाने एक कागद न विचारता छापला म्हणून त्याला बोलावून झापलं होतं, आणि ‘परदेशी लोकांना नियम समजावून सांगावे लागतात’ असं कुणीतरी बोललं होतं. ते मला फार झोंबलं होतं. आम्ही दोघं परदेशी. आमच्याकडून ढिलाई झालेली दिसता कामा नये, असं मी ठरवूनच टाकलं होतं. ताई पंचवीस वर्षं तिथे राहूनही तसंच ठरवत आल्या होत्या. राजापेक्षा राजनिष्ठ म्हणतात ते आम्ही.

‘‘रीतसर अर्ज करू या ताई,’’ मी म्हणालो. ‘‘खाजगी मजकूर उघड करण्याची परवानगी. तुमच्या वडिलांनीही हेच सांगितलं असतं.’’

हे शेवटचं वाक्य मी का बोललो? ते ऐकून त्यांनी मान खाली घातली. मग अर्ज सुवाच्य अक्षरात भरून माझ्याकडे दिला. मी वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा लिहिला, खाली हान्को उठवला आणि पेटीत टाकला.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कायम नोकरीतल्या माणसाचा अर्ज असता तर थेट सेन्सेईंच्या ट्रेमध्ये गेला असता. अरुबाइतोचा अर्ज प्रशासनाकडून समितीपुढे जायचा. नोव्हेंबरच्या बैठकीत विषय जास्त झाले. डिसेंबरात वर्षअखेर म्हणून बैठकच नाही. जानेवारीत प्रवेश परीक्षा. पुढची तारीख सहा फेब्रुवारी.

तोवर ताई रोज संध्याकाळी ओतोसानसमोर जेवायला बसत होत्या. ‘‘काल टीव्हीवर अमेरिका दाखवत होते,’’ एकदा त्या म्हणाल्या. ‘‘ते पुन्हा तेच बोलले, पीच खाऊन आईला विसरला. माझ्या तोंडात घास होता, तो गिळवेना. लग्न होऊन आल्यापासून या माणसाशी मी एकदाही खोटं बोलले नाही रे. आता रोज बोलते, तोंड न उघडता.’’

‘‘थोडेच दिवस,’’ मी म्हणालो.

नवऱ्यालाही त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तिथल्या तिथे बापाला सांगितलं असतं, आणि ते बरंच झालं असतं.

नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर ओतोसानना हृदयाच्या त्रासाने हॉस्पिटलमध्ये ठेवलं. पंधरा जानेवारीच्या आसपास ताई कोट न काढताच माझ्या टेबलाशी आल्या.

‘‘आता तरी सांगू का?’’

मी कॅलेंडर बघितलं. खरंच बघितलं, हे मला आजही दिसतं. ‘‘समिती सहाला आहे ताई. तीन आठवडे. डॉक्टर काय म्हणतात?’’

‘‘स्थिर आहेत म्हणतात.’’

‘‘मग झालं तर.’’

माझ्या या ‘मग झालं तर’वर त्या विश्वासून गेल्या. सत्तावीस जानेवारीला सकाळी ओतोसान गेले.

अंत्यविधीला मी काळा टाय लावून गेलो. ताईंचे यजमान हिरोशी-सान मला वाकून नमस्कार करत म्हणाले, ‘‘वडिलांना तुम्ही आवडला होतात.’’ मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांचा काका, आजी, गेता, सगळं आमच्या कपाटातल्या एका रिळावर होतं आणि ते मला आवडीचा माणूस म्हणत होते.

सातव्या दिवसाचे विधी आटोपून ताई कामावर आल्या. त्यांनी प्रशासनातून स्वतःचा अर्ज परत आणला होता. ‘‘हा मागे घेतलाय, नोंद कर. आता गरज नाही,’’ त्या जपानीत म्हणाल्या, कारण सेन्सेई खोलीत होते. सेन्सेईंनी कागद मागून घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

‘‘हे फक्त सासऱ्यांना सांगण्यासाठी? तोंडी?’’

‘‘हो.’’

‘‘पण परवानगी कागदाच्या प्रतीसाठी लागते. छापण्यासाठी लागते.’’ त्यांनी चष्मा काढला. ‘‘पत्र त्यांच्याच घरचं होतं, मोरिता-सान. त्याच दिवशी सांगायचं होतंत. मला विचारलं असतंत तर मी स्वतः तुमच्याबरोबर आलो असतो. यासाठी समिती लागते असं कुणी सांगितलं?’’

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादं पान उलटायला लागतो तेवढाच. मी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

‘‘कुणी नाही, सेन्सेई,’’ ताई म्हणाल्या. ‘‘माझीच समजूत चुकली.’’

त्यांनी वाकून माफी मागितली. माझ्या वाटची. मी समोर बसून एक कार्ड नीट करत होतो.

यथावकाश, वरातीमागून घोडे, सेन्सेईंनी स्वतः त्या पत्राची प्रत काढून ताईंना दिली. सूची छापली गेली, प्रस्तावनेत आभार आले, त्यात माझं नाव आधी. मी पदवी घेऊन नागोयात एका कंपनीच्या संशोधन विभागात लागलो. क्योतोला जायला शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तास लागतो. मला दोन वर्षं लागली.

१९९८ च्या नोव्हेंबरात गेलो. अंगणातल्या झाडाला फळं लगडलेली होती आणि सोलायला कुणी नव्हतं. ताईंनी आत नेलं. बुत्सुदानमध्ये आता आणखी दोन फोटो होते, ओतोसानचा आणि त्याला लागून सोळा वर्षांच्या एका मुलाचा, उभा. तिकडच्या ग्रंथालयाकडून सत्त्याण्णव साली उत्तर आलं होतं. केन्जी मोरिता १९४४ च्या हिवाळ्यात छावणीच्या दवाखान्यात न्यूमोनियाने वारला. वारस नाही.

फोटोंपुढे पत्राची प्रत घडी करून ठेवली होती. ताई म्हणाल्या, ‘‘वाच. इंग्रजीतच वाच, मोठ्याने. माझा आवाज दर वेळी मध्येच बसतो.’’

मी मांडी घालून वाचलं. मराठीत ते साधारण असं होईल:

‘महोदय, मला मत नाही हे मला माहीत आहे. पण तुमच्या खोऱ्यात मी वीस वर्षं पीच तोडले. बत्तीस साली भाव पडला तेव्हापासून मी आईला पत्र लिहिलं नाही. रिकाम्या हाताने काय लिहू म्हणून लाज वाटली. पुढच्या मोसमात लिहीन, असं दर मोसमात म्हणालो. आता लिहायचं आहे तर वाट बंद आहे. मी जिवंत आहे आणि तिला विसरलो नाही, एवढंच कुणाकडून तरी कळवता येईल का? माझा भाऊ शिगेओ याची गेता माझ्यामुळे पाण्यात पडली. त्याच्यासाठी मी दोनदा बूट घेऊन ठेवले. दोन्ही वेळा वाटलं, आता त्याचं माप वाढलं असेल.’

वाचून झालं. मग मीही अखेर बोललो. इतकी वर्षं पाठ केलेलं वाक्य होतं, तरी तुटक आलं. ‘‘ताई, त्या दिवशी सेन्सेईंपुढे... चूक माझी होती. समिती लागते असं मीच सांगितलं होतं. आणि तुमचा अर्ज मागे पडला तोही... कोपऱ्यात शेरा मी लिहिला होता.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘तुम्ही तो पाहिलात?’’

त्यांनी बुत्सुदानचा खालचा खण उघडला. पूर्वी केन्जीचा फोटो पालथा असायचा तिथे त्यांचा अर्ज होता. माझा लाल हान्को ठसठशीत उमटलेला. वरच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात, घाईत लिहिलेलं, ‘अरुबाइतो’. आणि पेन्सिल निळी होती.

‘‘कोपरे वाचणं हेच तर काम होतं माझं,’’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ‘‘ते तू लिहिलंस त्याचं मला एवढं नाही रे. नियम होता, तू लिहिलंस. मी तरी कुठे धीर केला? एक वाक्य होतं, मी ते माझ्या तोंडाने बोलू शकत होते. ते माझं मी बघेन. पण सेन्सेईंनी विचारलं तेव्हा तू बोलशील असं मला वाटलं होतं. नंतर वाटलं, उद्या बोलशील. मग तू नागोयाला गेलास. दर नवीन वर्षाला तुझं कार्ड यायचं, मी आधी कोपरे बघायची, दोन ओळी जास्त लिहिल्यात का.’’

माझी नवीन वर्षाची कार्डं छापील असत. खाली फक्त शिक्का.

त्यांनी अर्ज पुन्हा खणात ठेवला, उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि काकीचं एक फळ व सुरी माझ्यापुढे आणून ठेवली. मी सोलायला घेतलं. साल तीनदा तुटली.